फेमटोसेकंद पंप-प्रोब प्रयोग: कुठल्या क्रमानं काय करायचं

पंप-प्रोब म्हणजे एका लेसर स्पंदानं (पंप) रेणू उत्तेजित करायचे आणि ठरावीक वेळानं येणाऱ्या दुसऱ्या स्पंदानं (प्रोब) त्यांचं पुढे काय झालं ते पाहायचं. असा डेटा घेऊन कुणी मदत मागायला आलं की प्रश्न बहुधा फिटिंगचा, म्हणजे डेटावर गणिती वक्र बसवण्याचा असतो. तीन घातांकी घटक नीट बसत नाहीत, चौथा घालू का? डेटा उघडला की कळतं, सॅम्पल नको तितकं दाट होतं, पंपची ऊर्जा कुणी मोजलीच नव्हती आणि टाइम झीरो (पंप आणि प्रोब सॅम्पलवर एकाच वेळी पोचतात तो क्षण) सगळ्या तरंगलांबींना एकच धरला होता. अशा डेटालाही सॉफ्टवेअर काहीतरी आकडे देतंच, आणि ते छापण्याइतके देखणेही असतात. चूक शिरते ती पहिल्या दोन-तीन टप्प्यांत, उघडकीला येते शेवटच्यात. त्यामुळे इथे सुरुवात सॅम्पलपासून आहे.

मांडणी नेहमीची धरली आहे: ८०० नॅनोमीटरचा टायटेनियम-सफायर अँप्लिफायर, सेकंदाला १००० स्पंद, प्रत्येक स्पंद सुमारे १०० फेमटोसेकंदांचा. त्यातला एक भाग बीबीओ स्फटिकातून ४०० नॅनोमीटर होऊन किंवा ओपीएतून (ऑप्टिकल पॅरामेट्रिक अँप्लिफायर) हव्या त्या रंगाचा होऊन पंप बनतो. दुसरा छोटा भाग स्फटिकात पांढरा प्रकाश तयार करतो, तो प्रोब. दोघांपैकी एकाच्या वाटेत डिले स्टेज (प्रकाशाची वाट लांब-आखूड करून दोघांतला वेळ बदलणारा सरकता मंच), पंपच्या वाटेत चॉपर (एकाआड एक स्पंद अडवणारी फिरती चकती), आणि मध्ये द्रावणाचं सॅम्पल. मोजायचं ते डेल्टा ए: पंप पडला असताना आणि नसताना प्रोबच्या तीव्रतेचं गुणोत्तर, त्याचा दहाच्या पायाचा लॉग, पुढे ऋण चिन्ह.

१. सॅम्पल: आदल्या दिवशीचं काम

पंपच्या तरंगलांबीला सॅम्पलचं शोषण ०.३ ते ०.५ ठेवा, आणि तेही ज्या क्युव्हेटमध्ये (सॅम्पलच्या पारदर्शक कुपीत) प्रयोग करणार त्याच जाडीत. नेहमीची चूक अशी, की १ सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.४ आणलं जातं आणि तेच द्रावण १ मिलिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ओतलं जातं. शोषण उरतं ०.०४, सिग्नल नॉईजमध्ये बुडतो, मग कुणीतरी पंपची ऊर्जा वाढवतं आणि तिथून सगळंच बिघडतं.

हिशेब सोपा आहे. मोलर शोषणांक १०,००० असेल आणि क्युव्हेट १ मिलिमीटरची, तर ०.४ शोषणासाठी ०.४ मिलिमोलर द्रावण लागतं. नेहमीच्या यूव्ही-व्हिजिबल मोजणीपेक्षा हे दहापट दाट आहे, त्यामुळे रेणू एकमेकांना चिकटत तर नाहीत ना, हे आधी पाहावं लागतं. पातळ द्रावणाचा आणि या दाट द्रावणाचा स्पेक्ट्रम एकावर एक ठेवा. आकार जुळला नाही तर तुम्ही एकेकट्या रेणूचा अभ्यास करत नाही आहात.

जाड क्युव्हेट घेतली तर द्रावण पातळ चालेल, पण वेळेची अचूकता जाते. पंप आणि प्रोब वेगळ्या रंगांचे असतात आणि द्रावकात वेगळ्या वेगानं धावतात. जाडी वाढली की दोघांतलं अंतर वाढतं. १ मिलिमीटर ही चांगली तडजोड आहे. २ चालेल, १० मिलिमीटर विसरा.

द्रावण ०.२ किंवा ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या. धुळीचा एखादा कण बीममधून गेला की त्या क्षणीचं वाचन वाया जातं.

ऑक्सिजन काढायचा का, हा प्रश्न नेहमी येतो. प्रक्रिया काही शे पिकोसेकंदांत संपणारी असेल तर ऑक्सिजनला रेणूपर्यंत पोचायलाच वेळ नाही, त्यामुळे आर्गॉन सोडत बसण्यात अर्थ नाही. उलट उडणारं द्रावक कमी होतं आणि सॅम्पल नकळत दाट होतं. ट्रिप्लेट ही दीर्घायुषी उत्तेजित अवस्था पाहायची असेल तेव्हाच हा खटाटोप करा.

आता सॅम्पल हलतं ठेवण्याबद्दल. चॉपरमुळे दर २ मिलिसेकंदांनी एक पंप स्पंद पडतो. तेवढ्या वेळात २०० मायक्रॉनच्या स्पॉटमधलं द्रावण पूर्ण बदलायचं तर सेकंदाला १० सेंटीमीटर वेग लागतो. फ्लो सेलचा छेद १ बाय ३ मिलिमीटर असेल तर हे मिनिटाला सुमारे १८ मिलिलिटर होतात. साध्या पेरिस्टाल्टिक पंपाला ते जमतं, फक्त नळीत बुडबुडे नकोत. सॅम्पल मोजकंच असेल तर २ मिलिमीटरच्या क्युव्हेटमध्ये छोटा मॅग्नेटिक स्टरर चालतो. मात्र तिथे दर स्पंदाला ताजं द्रावण मिळतं असं समजू नका.

तपासा: प्रयोगाआधीचा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम फाइलमध्ये जतन झालाय का? नसेल तर प्रयोगानंतरचा स्पेक्ट्रम कशाशी ताडून पाहणार?

२. फोटॉनांचा हिशेब, कागदावर

सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी हीच, आणि खोट्या निष्कर्षांची मोठी खाणही हीच. पंपच्या एका स्पंदात किती टक्के रेणू उत्तेजित होतात, हे लेसर सुरू करण्याआधी माहीत असायला हवं.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. पंप ४०० नॅनोमीटर, ऊर्जा ०.२ मायक्रोज्यूल, स्पॉटचा व्यास २०० मायक्रॉन. ४०० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ५ गुणिले दहाचा उणे १९वा घात ज्यूल, म्हणजे एका स्पंदात सुमारे ४ गुणिले दहाचा ११वा घात इतके फोटॉन. स्पॉटचं क्षेत्रफळ ३.१४ गुणिले दहाचा उणे चौथा घात चौरस सेंटीमीटर. भागाकार केला की दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १.३ गुणिले दहाचा १५वा घात फोटॉन.

मोलर शोषणांकाला ३.८२ गुणिले दहाचा उणे २१वा घात यानं गुणलं की एका रेणूचा शोषण-छेद चौरस सेंटीमीटरमध्ये मिळतो. १०,००० साठी तो ३.८ गुणिले दहाचा उणे १७वा घात. दोन्ही आकड्यांचा गुणाकार येतो ०.०५. म्हणजे क्युव्हेटच्या तोंडाशी पाच टक्के रेणू उत्तेजित. इथवर ठीक.

आता तीच ऊर्जा, तोच स्पॉट, पण रंगद्रव्य असं की शोषणांक ५०,०००. गुणाकार होतो जवळपास ०.२५. दर चार रेणूंमागे एक उत्तेजित! एकाच रेणूला दोन फोटॉन लागणं, उत्तेजित रेणूनं पुन्हा शोषण करून आयनीभवन होणं, असं सगळं इथून सुरू होतं. शिवाय बीम गॉसियन असतो. त्याची त्रिज्या नेहमीच्या व्याख्येनं, म्हणजे तीव्रता साडेतेरा टक्क्यांवर येते तिथपर्यंत, मोजली असेल तर मधोमधची घनता सरासरीच्या दुप्पट असते. हिशेब काठावर बसत असेल तर हा दुपटीचा गुणक विसरू नका.

पाच टक्क्यांच्या आसपास राहा, दहाच्या वर जाऊ नका. हाच आकडा पुढे कामाला येतो: सॅम्पलचं शोषण ०.४ आणि उत्तेजन पाच टक्के असेल, तर मूळ अवस्थेचं ब्लीच (रेणू उत्तेजित झाल्यानं शोषणात आलेली घट) फार तर २० मिलि-ओडी, म्हणजे शोषणाच्या मापात ०.०२, असू शकतं. पडद्यावर ८० दिसलं तर स्पॉट तुम्हाला वाटतो त्याहून लहान आहे किंवा पॉवर मीटर चुकतोय.

३. लेसर आणि पंपचा बीम

लेसर निदान तासभर आधी सुरू करा. खोलीचं तापमान स्थिर होईपर्यंत बीमची दिशा सरकत राहते. त्या काळात केलेलं अलाइनमेंट पुन्हा करावं लागतं.

सावधान: हा चौथ्या वर्गाचा लेसर आहे. ८०० नॅनोमीटरचा बीम डोळ्याला अंधूक लाल ठिपक्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात तो डोळा कायमचा घालवण्याइतका प्रखर असतो. चष्मा ८०० आणि पंपची तरंगलांबी, दोन्हींसाठीचा हवा. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. खाली पडलेला स्क्रू उचलताना डोळे बीमच्या उंचीवर येतात, तेव्हा आधी शटर बंद करा.

पंप ओपीएतून येत असेल तर त्याचा स्पेक्ट्रम छोट्या स्पेक्ट्रोमीटरनं एकदा पाहाच. हव्या रंगाबरोबर इतर रंग आणि उरलेलं ८०० नॅनोमीटर हमखास येतं. योग्य फिल्टरनं ते कापा. मग सॅम्पलच्या जागी कॅमेरा किंवा नाइफ-एज (बीम हळूहळू कापत जाणारी सरळ धार) लावून स्पॉटचा व्यास मोजा. दुसऱ्या टप्प्यातला हिशेब या खऱ्या आकड्यानं पुन्हा करायचा. पंपचा स्पॉट प्रोबच्या निदान दुप्पट, शक्यतो तिप्पट मोठा ठेवा, म्हणजे प्रोबला सगळीकडे सारखंच उत्तेजित झालेलं सॅम्पल दिसतं.

ध्रुवीकरण आत्ताच लावा: पंप आणि प्रोब यांच्यात ५४.७ अंश, म्हणजे मॅजिक अँगल. पंपच्या वाटेत हाफ-वेव्ह प्लेट फिरवून हे होतं. हे राहून गेलं तर रेणू द्रावकात गोल फिरण्याचा वेग तुमच्या डेटात दहा ते काही शे पिकोसेकंदांचा एक फुकटचा घटक म्हणून उतरतो. आणि त्याला साजेशी रासायनिक गोष्ट रचायला माणसाला फार वेळ लागत नाही.

४. पांढरा प्रकाश

२ ते ३ मिलिमीटर जाडीच्या सफायरमध्ये ८०० नॅनोमीटरचा साधारण १ मायक्रोज्यूल सोडला की सुमारे ४५० नॅनोमीटरपासून तांबड्यापर्यंतचा प्रकाश मिळतो. निळ्याच्याही पलीकडे, ३५० नॅनोमीटरच्या आसपास जायचं असेल तर कॅल्शियम फ्लोराइड लागतं. मात्र ते एकाच जागी ठेवलं तर जळतं; सतत हलतं ठेवावं लागतं.

पद्धत अशी. वाटेत आयरिस आणि फिरता न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर ठेवा. ऊर्जा अगदी कमी करून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा. मागे धरलेल्या पांढऱ्या कार्डावर आधी लाल ठिपका असतो, मग मधोमध पिवळसर-पांढरा ठिपका अचानक उमटतो. तिथून किंचित पुढे जाऊन थांबा. अजून वाढवलं की ठिपक्यात रंगीत कडी नाचू लागतात किंवा एकाचे दोन होतात. तीव्रता जास्त दिसते म्हणून लोक तिथेच थांबतात. प्रत्यक्षात दर स्पंदाला चढउतार वाढलेले असतात. मंद पण स्थिर प्रोब कधीही बरा.

स्फटिकानंतर लेन्सऐवजी पॅराबोलिक आरसा वापरा. १ मिलिमीटर क्वार्ट्झसुद्धा ४०० आणि ७०० नॅनोमीटरच्या प्रकाशात सुमारे १३० फेमटोसेकंदांचं अंतर पाडतं, त्यामुळे वाटेत जितकी काच कमी तितकं पुढचं काम हलकं. उरलेलं ८०० नॅनोमीटर सॅम्पलच्या आधीच फिल्टरनं काढा, नाहीतर तेच सॅम्पलवर दुसऱ्या पंपासारखं वागतं.

स्पेक्ट्रोमीटरच्या तरंगलांबीची खूणगाठ होल्मियम ऑक्साइडच्या काचेनं करा. तिचे ४६० आणि ५३६ नॅनोमीटरजवळचे पट्टे ठळक असतात. पाच मिनिटांचं काम.

५. डिले स्टेज: शेवटपर्यंत तपासा

स्टेज १ मायक्रॉन सरकली की प्रकाशाची वाट २ मायक्रॉननी बदलते, कारण प्रकाश जातो आणि परत येतो. म्हणून १ मायक्रॉन म्हणजे ६.६७ फेमटोसेकंद, १ मिलिमीटर म्हणजे ६.६७ पिकोसेकंद, ३० सेंटीमीटर म्हणजे २ नॅनोसेकंद. सॉफ्टवेअरमध्ये हा दुपटीचा गुणक घालायचा राहिला तर तुमचे सगळे कालावधी नेमके अर्धे येतात आणि आलेखात काहीच वावगं दिसत नाही.

स्टेजवरचा रेट्रोरिफ्लेक्टर बीमला आला तसाच समांतर परत पाठवतो, पण येणारा बीम स्टेजच्या चालीला समांतर नसेल तर स्टेज सरकेल तसा स्पॉटही बाजूला सरकतो. दुरुस्तीसाठी स्टेजच्या आधीचे दोन आरसे लागतात. स्टेज जवळच्या टोकाला असताना लांबच्या, म्हणजे पहिल्या आरशानं स्पॉट जागेवर आणा. स्टेज दूरच्या टोकाला नेऊन दुसऱ्या आरशानं. पुन्हा जवळ, पुन्हा दूर. चार-पाच फेऱ्यांत स्पॉट हलायचा थांबतो.

तपासा: सॅम्पलच्या जागी कॅमेरा ठेवून स्टेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवा. स्पॉट स्वतःच्या व्यासाच्या दहाव्या भागाहून जास्त हलू नये. या तपासणीत नापास झालेली स्टेज प्रत्येक सॅम्पलमध्ये न चुकता एकसारखा एक-दोन नॅनोसेकंदांचा घटक दाखवते. वेगवेगळ्या रेणूंचे लांब कालावधी संशयास्पदरीत्या जुळत असतील तर आधी इथे पाहा.

६. दोन्ही बीम एकत्र: आधी जागा, मग वेळ

जागेसाठी सॅम्पलच्या ठिकाणी १०० मायक्रॉनचं पिनहोल ठेवा. आधी प्रोब त्यातून जास्तीत जास्त जाईल असं करा, मग पिनहोल न हलवता पंप. दोन बीममधला कोन शक्य तितका लहान, पाच अंशांच्या आसपास. सॅम्पलनंतर पंप अडवायला विसरू नका.

वेळेसाठी आधी वेगवान फोटोडायोड आणि ऑसिलोस्कोप लावा. दोन्ही स्पंद शंभर-दोनशे पिकोसेकंदांच्या आत आणता येतात, म्हणजे वाटेतल्या तीन ते सहा सेंटीमीटरच्या आत. पुढचं काम दीर्घायुषी सिग्नल देणाऱ्या सॅम्पलवर करा: स्टेज अशा जागी न्या जिथे प्रोब नक्की पंपनंतर येतो, सिग्नल दिसेल. मग अशा जागी, जिथे दिसत नाही. दोन्हींच्या बरोबर मध्ये जा. दिसतोय? मग टाइम झीरो अजून अलीकडे आहे. नाही? पलीकडे. असं अर्धं-अर्धं करत गेलात तर दहा-बारा पावलांत पिकोसेकंदाच्या आत पोचता. सॅम्पलच्या खऱ्या द्रावणावर, फेमटोसेकंदांच्या पावलांनी, सिग्नल शोधत तास घालवणारे खूप भेटतात.

चॉपरची फेज इथेच तपासा. ती एका स्पंदानं उलटी पडली तर सगळ्या सिग्नलचं चिन्ह फिरतं: ब्लीच धन आणि उत्तेजित अवस्थेचं शोषण ऋण. ब्लीच कुठे येणार हे सॅम्पलच्या साध्या स्पेक्ट्रमवरून माहीत असतंच, त्यामुळे ओळखणं सोपं आहे.

७. ओळखीचं सॅम्पल

स्वतःच्या रेणूकडे वळण्याआधी, ज्याचं उत्तर माहीत आहे असा रेणू मोजा. ट्रिस-बायपिरिडिन रुथेनियम सोयीचं आहे: ४०० नॅनोमीटरनं उत्तेजित होतं, ४५० नॅनोमीटरजवळ ब्लीच येतं, आणि हवेतल्या ऑक्सिजनसह सुद्धा त्याचं आयुष्य शंभर नॅनोसेकंदांच्या वर असतं. २ नॅनोसेकंदांच्या खिडकीत ती रेषा सपाटच दिसली पाहिजे. खाली झुकली तर दोष स्टेजचा किंवा सॅम्पलच्या जळण्याचा आहे.

वेळेची पट्टी बरोबर आहे का, हे पाहायला त्याचाच लोहाचा भाऊ घ्या. पाण्यातल्या ट्रिस-बायपिरिडिन लोहाचं ब्लीच सुमारे ६५० पिकोसेकंदांत भरून येतं. ३२५ आलं तर पाचवा टप्पा पुन्हा वाचा.

८. कोरं द्रावक, त्याच क्युव्हेटमध्ये

आता रेणू नसलेलं द्रावक, तीच क्युव्हेट, तीच पंप ऊर्जा. टाइम झीरोभोवती काहीशे फेमटोसेकंद एक खाली-वर होणारा सिग्नल दिसेल. तो द्रावकाचा आणि काचेचा आहे. त्याला कोहिरंट आर्टिफॅक्ट म्हणतात. हे मोजमाप टाळलं तर हाच सिग्नल पुढे ‘अतिजलद प्रक्रिया’ म्हणून तुमच्या निष्कर्षात जाऊन बसतो.

या एका स्कॅनमधून तीन गोष्टी मिळतात: प्रत्येक तरंगलांबीचा टाइम झीरो, उपकरणाची वेळेची रुंदी, आणि द्रावकाचा रामन सिग्नल. ४०० नॅनोमीटरचा पंप आणि ॲसिटोनायट्राइल असेल तर सुमारे ४५३ नॅनोमीटरला, पाणी असेल तर ४६३च्या आसपास, टाइम झीरोला एक अरुंद खाच दिसते. ती तिथे असणं हे सगळं जागेवर असल्याची चांगली खूण आहे.

तपासा: पाण्यात ७२० नॅनोमीटरभोवती पसरट, न मावळणारं शोषण दिसलं तर पंप इतका तीव्र आहे की पाण्याचंच आयनीभवन होतंय. तो द्रावकवेढ्या इलेक्ट्रॉनचा सिग्नल आहे. ऊर्जा कमी करा.

९. खरा स्कॅन

वेळेचे बिंदू असे ठेवा: टाइम झीरोच्या आधी दहा-पंधरा, मग साधारण २ पिकोसेकंदांपर्यंत २० ते ३० फेमटोसेकंदांच्या पावलांनी, पुढे लॉगच्या प्रमाणात वाढत जाणारे. सगळीकडे सारखी पावलं टाकली तर एकतर स्कॅन संपत नाही किंवा सुरुवात हुकते.

एका बिंदूवर फार वेळ थांबून एकच लांबलचक स्कॅन घेण्यापेक्षा, दर बिंदूला हजारेक स्पंद घेऊन अनेक स्कॅन करा, आणि प्रत्येक स्कॅन वेगळा जतन करा. जमल्यास वेळांचा क्रम विस्कटून घ्या. मग लेसर हळूहळू मंदावला तरी त्याचा खोटा उतार तयार होत नाही. पहिला आणि शेवटचा स्कॅन एकावर एक ठेवून पाहिल्याशिवाय सरासरी काढू नका. एकदा मिसळलेली सरासरी उलगडता येते, पण फक्त सुटे स्कॅन हाताशी असतील तरच.

टाइम झीरोच्या आधीचा भाग नीट वाचा. तिथे शून्य हवं. फक्त पंपच्या रंगाजवळ काही दिसत असेल तर तो पंपचा विखुरलेला प्रकाश आहे. रुंद, वेळेनुसार न बदलणारं, ऋण दिसत असेल तर प्रतिदीप्ती. प्रोब अडवून ती वेगळी मोजता आणि वजा करता येते. आणि सॅम्पलच्याच सिग्नलसारखं काही असेल तर मागच्या पंपचा उरलेला माल अजून स्पॉटमध्ये आहे: प्रवाह वाढवा. एक बारकावा: कायमचं तयार झालेलं उत्पादन इथे दिसत नाही, कारण पंप असताना आणि नसताना ते सारखंच हजर असतं आणि गुणोत्तरात कटून जातं. म्हणून शेवटी यूव्ही-व्हिजिबल पुन्हा घ्यायचं असतं.

त्यानंतर ऊर्जेची परीक्षा. ऊर्जा अर्धी करा आणि तोच स्कॅन घ्या. सिग्नल अर्धा झाला पाहिजे, आणि दोन्ही आलेख समान उंचीवर आणले की एकमेकांवर बसले पाहिजेत. आकार बदलला तर कमी ऊर्जेचा डेटा खरा. त्याहूनही कमी करून पुन्हा पाहा. सिग्नल लहान झाला म्हणून हळहळू नका.

१०. चर्पची दुरुस्ती

पांढऱ्या प्रकाशात लाल आधी पोचतो, निळा नंतर. यालाच चर्प म्हणतात. पूर्ण पट्ट्यात हे अंतर काहीशे फेमटोसेकंदांपासून पिकोसेकंदापर्यंत असतं. दुरुस्ती न करता एका वेळेचा स्पेक्ट्रम काढला तर त्यात लाल टोक ‘आधीचं’ आणि निळं टोक ‘नंतरचं’ असतं, आणि पट्टा सरकतोय असा भास होतो.

आठव्या टप्प्यातल्या द्रावकाच्या स्कॅनमधून पंधरा-वीस तरंगलांबींचा टाइम झीरो वाचा, त्यातून तिसऱ्या घाताची बहुपदी काढा, आणि प्रत्येक तरंगलांबीचा वेळेचा अक्ष तेवढा सरकवा. रेणूच्या स्वतःच्या सिग्नलवरून टाइम झीरो ठरवू नका. सिग्नल खरोखरच उशिरा उगवत असेल तर ती उशिराची माहितीच पुसली जाते.

११. फिटिंगआधी डोळ्यांनी वाचा

ऋण सिग्नल दोन प्रकारचा: मूळ अवस्था रिकामी झाल्याचं ब्लीच, आणि त्याहून लालकडे उद्दीपित उत्सर्जन. धन सिग्नल उत्तेजित अवस्थेचं शोषण किंवा नव्या उत्पादनाचं. हे चारही एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे एखाद्या ठिकाणी शून्य दिसलं म्हणजे तिथे काही नाही असं होत नाही.

सगळ्यात मोठा सापळा मात्र गरम मूळ अवस्थेचा. अझोबेंझीनसारखा रेणू काही पिकोसेकंदांत मूळ अवस्थेत परततो, पण सारी ऊर्जा कंपनांच्या रूपात घेऊन. अशा तापलेल्या रेणूचं शोषण मूळ पट्ट्याच्या लाल काठावर, ब्लीचच्या अगदी शेजारी, धन सिग्नल म्हणून उगवतं. मग द्रावकाला ऊर्जा देत तो साधारण दहा पिकोसेकंदांत अरुंद होतो, निळ्याकडे सरकतो आणि नाहीसा होतो. पाहणाऱ्याला वाटतं, मधली एखादी रासायनिक प्रजाती जन्मली आणि मेली.

ओळखायचं कसं? सिग्नल अरुंद होत निळ्याकडे सरकतोय, ब्लीच त्याच वेगानं भरतंय, आणि कालावधी ५ ते २० पिकोसेकंदांत आहे, तर आधी थंड होणंच धरा. नवी प्रजाती असल्याचा दावा करायचा तर वेगळा पुरावा हवा. त्याचप्रमाणे पहिल्या एक-दोन पिकोसेकंदांत उद्दीपित उत्सर्जन लालकडे सरकत असेल तर बहुधा द्रावकाचे रेणू वळून बसत आहेत. ॲसिटोनायट्राइलमध्ये हे पिकोसेकंदाच्या आत आटोपतं, मेथेनॉलमध्ये काही पिकोसेकंद चालतं. द्रावक बदलून पाहिलं की उलगडा होतो.

१२. आता फिटिंग

आधी एसव्हीडी (डेटा स्वतंत्र घटकांत फोडण्याची गणिती रीत) करा आणि नॉईजच्या वर किती घटक उरतात ते मोजा. घातांकी घटकांची सुरुवात त्या संख्येपासून. चौथा घातल्यावर उरलेल्या फरकाचा नकाशा स्वच्छ होत नसेल तर चौथ्याला जागा नाही.

ग्लोबल फिट (सगळ्या तरंगलांबींना एकत्र बसवलेला फिट) करताना उपकरणाची रुंदी द्रावकाच्या स्कॅनमधून आलेली वापरा, सॉफ्टवेअरला ती मोकळी सोडू नका. आर्टिफॅक्टचा काळ फिटमधून वगळा किंवा त्याला वेगळा घटक द्या. रुंदी १५० फेमटोसेकंद असताना ४० फेमटोसेकंदांचा कालावधी छापणं टाळा. ‘उपकरणाच्या मर्यादेपेक्षा जलद’ एवढंच लिहा.

क्रमवार मॉडेल निवडलं की सॉफ्टवेअर प्रत्येक टप्प्याचा एक स्पेक्ट्रम देतं. ते आपोआप एकेका रासायनिक प्रजातीचे स्पेक्ट्रम होत नाहीत. प्रक्रियेला फाटे असतील तर ते मिश्रण असतं. तो स्पेक्ट्रम प्रजातीचा म्हणण्यासाठी, जिथे तो ऋण असूच शकत नाही तिथे ऋण नसावा, आणि ब्लीचचा आकार मूळ शोषणाशी जुळावा.

सगळ्यात भक्कम ताळा शेवटच्या, न मावळणाऱ्या घटकाचा. सॅम्पलवर दिव्यानं प्रकाश टाकून उत्पादन तयार करा, त्याच्या स्पेक्ट्रममधून मूळ स्पेक्ट्रम वजा करा. हा फरक आणि फिटमधला शेवटचा स्पेक्ट्रम एकसारखा दिसला पाहिजे. ब्लीचचा जो हिस्सा भरून आला नाही, तो उत्पादनाच्या क्वांटम यील्डशी (शोषलेल्या दर फोटॉनमागे किती उत्पादन बनतं त्याच्याशी) जुळायला हवा, अर्थात त्या तरंगलांबीला उत्पादन स्वतः शोषत नसेल तर. स्थिर प्रकाशात यील्ड दहा टक्के आणि इथे ब्लीच चाळीस टक्के शिल्लक, तर बाकीचा तीस टक्के कुठल्यातरी दीर्घायुषी अवस्थेत, बहुधा ट्रिप्लेटमध्ये अडकला आहे. त्यासाठी नॅनोसेकंद-मायक्रोसेकंदांची वेगळी मांडणी लागेल. डिले स्टेज कितीही लांब केली तरी ते इथे दिसणार नाही.

१३. डेटाबरोबर काय जतन करायचं

पंपची तरंगलांबी, ऊर्जा, स्पॉटचा मोजलेला व्यास, ध्रुवीकरणाचा कोन, क्युव्हेटची जाडी, पंपच्या रंगाला सॅम्पलचं शोषण, प्रवाहाचा वेग, उपकरणाची रुंदी. डेल्टा एच्या तयार फाइलबरोबर प्रत्येक सुटा स्कॅन, द्रावकाचा स्कॅन आणि आधी-नंतरचे यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि चर्प दुरुस्त केलेली फाइल मूळ फाइलवर कधीही सेव्ह करू नका.